अंगठा बाजूला घे

फोन उलटा लटकवलाय
डाळीच्या दोन डब्यांवर आडव्या ठेवलेल्या फूटपट्टीला.
त्याखाली कागद, कागदावर माझा हात.
इतकाच माझा वर्ग.
ग्वाल्हेर, लष्कर, दौलतगंज, तिसरा मजला,
शनिवार-रविवार रात्री साडेनऊ;
तेव्हा एडिसनमध्ये मृण्मयीची दुपार होत असते.

आधी रेघ ओढा, म्हणते मी,
अख्ख्या ओळीची, या काठापासून त्या काठापर्यंत,
मग तिच्याखाली अक्षरं टांगा
आणि लेखणी उचलू नका.
मोडीत उचलायची नसते लेखणी.
"मॅडम, आवाज तुटतोय."

एकेचाळीस जणांनी फी भरली होती.
आता चौकोन दिसतात सात,
त्यांतले तीन काळे, नुसती नावं.
काळ्या चौकोनाला शिकवणं म्हणजे
बंद दाराकडे तोंड करून पाढे म्हणणं;
आत कोणी पोळ्या लाटत ऐकतही असेल.
असतंच. सिंधूताई दिवाडकरांचा माईक
एकदा चुकून उघडा राहिला
आणि सगळ्या वर्गानं कुकरच्या शिट्ट्या मोजल्या.

एकतीस वर्षं दप्तरखान्यात काढली मी.
रुमाल सोडायचा, धूळ झटकायची,
वाचायचं, पुन्हा गाठ मारायची.
शिकायला येई वर्षाकाठी एखादा,
तोही प्रबंध झाला की जाई.
आणि आता हा उत्तरेश्वर, सेनगावचा तलाठी,
रेंज मिळते म्हणून गच्चीवर बसतो,
कानाला मफलर, मागे कुत्री.
तो कसा आला असता ग्वाल्हेरला?
रजा, तिकीट, लॉज,
हिशेब त्यानंच मांडून दाखवला होता.

पण त्याचा र अजून अडतो.
वळण आत घ्यायचं तिथे तो बाहेर घेतो.
समोर असता तर मागून जाऊन मनगट धरलं असतं,
एकदा, फक्त एकदा,
अर्ध्या मिनिटाचं काम.
तीन आठवडे मी शब्दांत सांगतेय
मनगट कुठे सैल सोडायचं ते.

भाचा म्हणतो, मावशी, रेकॉर्डिंगच विक,
तू झोप, कोर्स चालत राहील.
कुणी मला दुप्पट वेगानं पाहिलं म्हणे.
मग मीही पाहिलं:
हात मुंगीसारखा धावत होता, आवाज चिमणीचा,
आणि मधला श्वास, जिथे शाई घेते मी,
तो कुठे गेला कळलंच नाही.
ऐंशी टक्के व्हिडिओ चालला
की प्रमाणपत्र आपोआप जातं,
लावून ठेवून जेवायला उठलेल्यांनाही.
त्यावर माझी सही आहे. छापील.

आज तनवीरनं कागद आणला,
बेळगावच्या तनवीर मुजावरनं, पणजोबांचा,
जमिनीचा आहे म्हणून तीन पिढ्या जपलेला.
त्याच्यासाठीच तर हा कोर्स.
कॅमेऱ्यासमोर धरला
आणि चित्र गोठलं.
तनवीर अर्धा, तोंड उघडं,
कागद मात्र लख्ख.
थोडा वेळ वाट पाहिली.
मग वाचायलाच लागलो.
मृण्मयीनं ओळ धरली, सिंधूताईंनी शब्द तोडले,
उत्तरेश्वर म्हणाला, मॅडम, हा र आहे बघा.
होता.

गूळ अडीच शेर. हळद. खोबरं.
वाजंत्र्यास सव्वा रुपया.
कुणाच्या तरी लग्नाचा खर्च.
जमीन नाहीच, वावभरही.

एक काळा चौकोन उजळला, बारा आठवड्यांत पहिल्यांदा.
बनियनवरचे एक म्हातारे गृहस्थ,
चष्मा पडद्याला टेकवत म्हणाले,
"नवरीचं नाव काय आहे हो?"

खाली कोपऱ्यात असणार ते,
नेमका तिथेच तनवीरचा अंगठा.
अंगठा बाजूला घे रे, म्हटलं मी,
जरा वर,
तनवीर,
ऐकू येतंय का?